मोराच्या पिसाची माशी

श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावात बाईच्या हातात सुई-दोरा दिसला की कौतुक आणि गळ दिसला की बोंबाबोंब. माझ्या हातात दोन्ही होते.

मी ब्लाउज शिवते. भरतकामाचे नमुने मोबाईलवर शोधताना एक बाई दिसली. गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून ती हुबेहूब माशी बांधत होती. ही खोटी माशी पाण्यावर टाकायची, मासा फसतो, मग त्याला सोडून द्यायचं. ना गांडूळ मारायचं, ना मासा. हे तर आपलंच काम, म्हटलं! मासे धरायची काठी ऑनलाइन मागवली. शिलाई मशीनच्या फळीला पक्कड आवळली, तिच्यात गळ धरला आणि लागले कामाला. पहिल्या माशीवर इतका दोरा चढवला की गळाचं नेढंच बुजलं, तंगूस, म्हणजे काठीचा नायलॉनचा दोरा, ओवता येईना. शिवणाऱ्या बाईचा हात, टाका पक्का घातल्याशिवाय त्याला चैन कुठली!

सासूबाई माळकरी. माश्यांना लावलेली कोंबडीची पिसं दिसताच त्यांनी माझ्या सगळ्या माश्या चुलीत घातल्या.

"माळ हाय माज्या गळ्यात. घरात कोंबडीचं पीस चालायचं न्हाई."

मला रडू नाही आलं, संताप आला. पण देव्हाऱ्यात मोराचं पीस होतंच की! ते चालतं ना, मग झालं. उसाच्या बांधावर मोर पिसं टाकून जातात, ती वेचून आणली. त्यांचा एकेक तंतू गळावर फिरवला की माशीचं अंग हिरवं चमकायचं. ही माशी सासूबाईंनी चुलीत घातली नाही.

धरणावर दीर सोबत आला, तो हसायलाच. बऱ्याच वेळानं तळहाताएवढी चिलापी मासळी गळाला लागली. मी गळ काढला आणि तिला सोडून दिलं.

"वैनी, सोडायचीच हुती तर धरली कशाला?"

"मी बांधलेली माशी तिला खरी वाटती का, ते बघायचं हुतं. वाटली."

त्यानं घरी तिखटमीठ लावून सांगितलं. सासूबाई जरा विचार करून म्हणाल्या, "कर बाई, पर आतल्या खोलीत. चार लोकांत आमचं हसं नको."

त्यांच्या मते ही सवलत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आत्याबाई, मी काय चोरी केली न्हाई."

मशीनचं एक टोक मी उचललं, दुसरं दिराला उचलायला लावलं आणि ओसरीवर आणून ठेवलं, रस्त्याकडे तोंड करून.

समोरची बाई थबकली. "काय गं, काय शिवतीस?"

"शिवत न्हाई. मासे धरायची माशी बांधतीय," मी मोठ्यानं सांगितलं.