आता कुठं जायाचं?

सुभेदारांच्या क्लासात चपला बाहेर काढाव्या लागत, त्या देवासाठी नव्हे, वेबसाइटसाठी. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी सांगलीत कॉम्प्युटर क्लास काढला होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं, इंटरनेट निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं आणि हे वेबसाइट करून देत. कॉम्प्युटर मात्र सगळ्यात शेवटी सुरू व्हायचा. आधी दुकानदारांच्या फुकट कॅलेंडरांची पाठकोरी पानं फरशीवर मांडायची, कुठल्या पानावर काय सांगायचं ते लिहायचं आणि गिऱ्हाइकाला त्यांवरून चालवायचं. प्रत्येक पानावर सुभेदारांचा एकच सवाल असे, "आता कुठं जायाचं?"

मी त्यांच्याकडे डिझाइन करायची. रंग भरायला माझे हात शिवशिवत. ते म्हणत, "गणपती केवढा हाय ते कळू दे, मग मखर कर." मला भारी राग यायचा.

एकदा मी माझ्या वडिलांचं, अण्णांचंच काम आणलं. म्हसवडला आमचा घोंगड्यांचा माग. गिऱ्हाईक आटलं होतं. दिवाळीपर्यंत मागणी आली नाही, तर माग मोडून साखर कारखान्यावर वॉचमन व्हायचं अण्णांनी ठरवलं होतं. मला घाई होती, सुभेदारांना नव्हती. त्यांनी अण्णांना पहिल्या पानावर उभं केलं. नाव झालं, फोटो झाले, आणि पुढं नुसती फरशी.

"आता कुठं जायाचं?"

"घरला," अण्णा म्हणाले.

"मग गिऱ्हाईक बी घरलाच ग्येलं. त्याला थांबवायला काय सांगशीला?"

अण्णा मुळात अबोल. तरी लोकरीविषयी, घोंगडीला लावायच्या चिंचोक्याच्या खळीविषयी बोलू लागले. शेवटी म्हणाले, "नवी घोंगडी टोचती. ते बी लिवा." हे तरी नको म्हणून मी हात जोडले. सुभेदारांनी त्यासाठी वेगळं पान मांडलं. सगळा मजकूर ठरेपर्यंत आठवडा गेला आणि मी धुसफुसत राहिले.

दिवाळीच्या तोंडावर पहिला ई-मेल आला. नागपूरच्या एका बाईंना आजोबांकडे होती तशी, टोचणारीच घोंगडी हवी होती. मग आणखी आले. माग राहिला.

पुढे सुभेदार गेले. तेराव्याला आम्ही क्लासात गेलो. चपला काढून अण्णा मोकळ्या फरशीवर मधोमध उभे राहिले.

"आता कुठं जायाचं, सुभेदार?" ते पुटपुटले.

मला रडू आवरेना. तशीच उठले, कोपऱ्यातल्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि कोरी बाजू वर करून अण्णांच्या पायांपुढं ठेवलं.