फुटलेल्या पाळीतलं तणस

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कोणी आठवण सांगा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी एका तलावाची फुटलेली पाळच उभी राहते.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पोलिसांत शिपाई म्हणून लागलो, जमादार म्हणून निवृत्त झालो. माझ्या तपासावर कोणी बोट ठेवलं नाही, हे मी छाती पुढे करून सांगतो.

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका पावसाळ्यातली ही गोष्ट. एकोडीच्या पलीकडचं गाव. नावं लिहीत नाही, त्या लोकांची नातवंडं तिथे नांदत आहेत. गावाला मालगुजारीच्या काळातला, दगड-मातीची पाळ म्हणजे बांध घातलेला जुना तलाव. खालचं सगळं धान त्याच्यावर. तलावातलं पाणी शेतकऱ्यांचं आणि मासोळी ती धरणाऱ्या ढिवरांची, त्यामुळे वर्षातून एकदा तरी बाचाबाची व्हायचीच.

एका सकाळी सरपंच सायकल दामटत चौकीत आला. बस म्हटलं तरी बसेना.

"जमादार साहेब, आमचा तलाव फुटला. फुटला म्हंजे फोडला. ढिवरांच्या बुढ्यानं पाळ कापली."

"तू पाहिलं?"

"पाह्याले कायले लागते? आमी पाणी सोडलं तवा भांडाले आला होता. पाणी उतरलं का मासोळी मरते म्हणे. तोच राग काढला त्यानं."

तक्रार लिहून घेतली, डायरीत रवानगीची नोंद टाकली आणि एक शिपाई घेऊन निघालो. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही तयार करून आणणाऱ्या माणसाकडे मी जरा जास्त वेळ पाहतो. ती माझी जुनी सवय.

गावात पोचलो तर तलाव रिकामा. रोवणी झालेलं धान खालच्या बांध्यांत, त्या लहान लहान शेतांत, चिखलात आडवं पडलेलं. आणि त्याच बांध्यांतून लोक हातांनी मासे वेचत होते. रडत होते आणि वेचतही होते. प्रत्येक घरातून मासोळीच्या रश्शाचा वास येत होता. फक्त ढिवरांच्या म्हाताऱ्याची चूल थंड. पाण्यानं ओढून नेऊन फाडलेली जाळी अंगणात टाकून तो त्यांच्यापुढे बसला होता. पाळ कापणाराच हा असता, तर त्यानं जाळी तलावात कशाला ठेवली असती? खाली लावून बसला असता.

तरी विचारपूस करायचीच असते. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर त्याला बसवलं.

"पाळ तू कापली?"

"नाही जी."

"मग कोणी?"

"मले नाही मालूम."

"भांडला होतास की नाही?"

"भांडलो ना. दरसाल भांडतो. मागल्या साली भांडलो तवा तं नाही फुटला तलाव."

शिपायाला हसू फुटलं. त्याच्यावर मी डोळे वटारले आणि म्हाताऱ्याला म्हणालो, "बाबाजी, मस्करी नको. आज साकोलीच्या लॉकअपमध्ये जाशील. तलावातल्या मासोळीचा ठेकाही जाईल. तुमची ढिवरांची घरं खातील काय?"

म्हातारा म्हणाला, "जे मी केलं नाही ते कसं सांगू? आन जे केलं, ते सांगाची मले मोकळीक नाही."

चोर खोटं बोलतो. हा खोटंही बोलत नव्हता. मी वही मिटली आणि पाळीवर गेलो.

फुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना पाळ उभी होती. आतून जुनी, दगडाची. बाहेरच्या अंगाला मात्र ठिकठिकाणी नवी माती. घराची भिंत लिंपावी तशी लिंपलेली, वर हिरवळीचे तुकडे नीट बसवलेले. एका ठिकाणी काठी खुपसली, तर धानाच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, पिळा बाहेर आला. दुसरीकडे खुपसली, तिथेही तणस. पंच बोलावले, पंचनामा केला, तणस मुद्देमालात घेतलं आणि तो पिळा सरपंचासमोर धरला.

"हे काय?"

"पाळ जुनी हाये जी. लिंपतो आमी दरसाल."

"दरसाल लिंपली असती तर खाली जुना थर निघाला असता. हा एकच आहे, तोही ओला."

भोवती गाव जमलं होतं. मग मी शांतपणे म्हणालो, "ठीक आहे. बुढ्याला नेतो. कागदावर लिहितो की गावच्याच माणसानं पाळ कापली. उद्या दुरुस्तीचं सरकारी अनुदान मागायला जाल, तर साहेब म्हणेल, आधी आपली माणसं सांभाळा."

सरपंच कळवळून म्हणाला, "अनुदानासाठीच तं केलं जी सारं!"

मग सगळं निघालं. जुन्या तलावांना सरकार अनुदान देणार आणि पाटबंधाऱ्याचा साहेब पाहायला येणार, हे गावाच्या कानावर आलं होतं. बैलांच्या प्रदर्शनात धष्टपुष्ट जोडीला बक्षीस मिळतं, तसं चांगल्या राखलेल्या तलावाला अनुदान मिळत असेल, असं या शहाण्यांना वाटलं! पाळ तर जागोजागी गळत होती. मग शेतकरी आणि ढिवर पहिल्यांदाच खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि बाहेरून सगळी भोकं तणस-मातीनं बुजवली. कोणाला सांगायचं नाही, असा गावदेवी मातामायच्या ठाण्यापुढे सगळ्यांनी शब्द दिला. साहेब आला, कोरड्या पाळीवरून फिरला, चहा प्याला, तलाव उत्तम आहे, दुरुस्तीची गरज नाही म्हणाला आणि गेला. झिरपणाऱ्या पाण्याच्या वाटा बंद झाल्या. ते पाळीच्या पोटात साचलं आणि झडीच्या पावसात पाळ घेऊनच बाहेर पडलं.

"मग बुढ्याचं नाव काहून घेतलं?" रागात माझ्याही तोंडी गावची बोली आली.

"साऱ्या गावावर केस होईन म्हून भेव वाटलं जी."

मी म्हाताऱ्याकडे वळलो. "आणि तू? हा तुला जेलात धाडत होता, तरी तोंड उघडलं नाही?"

"मायपुढं शब्द देल्ला होता. यानं मोडला. मी कायले मोडू?"

सरपंचानं टोपी काढून त्याच्यापुढे धरली. म्हातारा म्हणाला, "घाल डोस्क्यात. आधी सायबाले जाऊन सांग का पाळ गळत होती म्हून."

ठाणेदार साहेब शिकलेले. म्हणाले, कोणावर तरी कलम लावावंच लागेल. मी म्हणालो, "साहेब, तणस पाणी थांबवायला घातलं होतं, पाळ फोडायला नाही. यात गुन्हा नाही." ते चिडले, ओरडले. मी जागचा हललो नाही. शेवटी पाळ आपोआप फुटली या माझ्या अहवालावर त्यांनी सही केली. पंचनाम्याची नक्कल पाटबंधाऱ्याला गेली आणि तिथला साहेब पुन्हा तलाव पाहायला आला.

त्या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. माणसं नेहमी पाप लपवतात असं नाही, पुष्कळदा इज्जतीपायी लपवतात. आणि गप्प बसलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. पुढे नोकरीत हे मला फार उपयोगी पडलं. बुकात वाचून ते कळलं नसतं.

साहेब दुसऱ्यांदा आला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. सरपंचानं उरलेल्या पाळीवरच्या प्रत्येक भोकाला चुन्याचा गोल काढून ठेवला होता. साहेबाचा हात धरून एकेक दाखवत होता, एखादं सुटलं तर मागे ओढत नेत होता. म्हातारा माझ्याजवळ उभा राहून हे पाहत होता.

"जमादार साहेब," तो म्हणाला, "सायबाले लवकर घेऊन जा बाप्पा. नाही तं हा आता माह्या घराचं गळकं छप्पर बी दाखवते त्याले."

पुढच्या उन्हाळ्यात अनुदान आलं आणि पाळ नव्यानं बांधली गेली. मातीच्या पहिल्या टोपल्या सरपंचानं आणि म्हाताऱ्यानं टाकल्या. म्हाताऱ्याची टोपली थोडी जास्त भरली होती, असं तो मरेपर्यंत सांगत असे. सरपंचानंही ते कधी खोडून काढलं नाही.