चार वेळा लावलेला कौल

सुचित्राबाई आमच्या नागावच्या शाळेत चौथीला शिकवतात. मी केसर, तिथेच पोरांची खिचडी शिजवते. बाई गुणी, पण नवरा आणि सासरा म्हणजे नुसता आनंद.

सात वर्षं मूल नाही. अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, दोन्ही गर्भनळ्या बंद आहेत आणि एक पाण्याने फुगलीय. ते पाणी गर्भाशयात उतरतं आणि गर्भ रुजू देत नाही. आधी दुर्बिणीने ती नळी काढू, मग टेस्ट ट्यूब बेबीचं बघू.

सासरे विश्वंभरराव उसळले. मूल हवं म्हणून नळी कापतात होय? हे तर पोरं बंद करायचं ऑपरेशन! एवढी मोठी नारळाची वाडी, हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस, आणि अक्कल ही अशी. नवरा सलिल बँकेत साहेब, पण बापापुढे तोंडात मिठाची गुळणी. शेवटी देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलं चिकटवून कौल लावायचं ठरलं. उजवं फूल पडलं तर ऑपरेशन, डावं पडलं तर नाही.

उजवं पडलं. सासरे म्हणाले, फूल नीट चिकटवलं नव्हतं. परत लावला, उजवंच. आता म्हणे गुरवाचा धक्का लागला. तिसऱ्यांदाही उजवं. चौथ्यांदा डावं पडलं, तेव्हा मात्र देवी खरं बोलली! देवीलासुद्धा दमवलं मेल्यांनी.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं तरी ऐकलं नाही. टेस्ट ट्यूबचं सुरू केलं, दोन गर्भ तयार झाले. त्यातला एक नळी न काढताच गर्भाशयात सोडला, तो रुजलाच नाही; दुसरा दवाखान्यात गोठवून ठेवला होता. सासरे म्हणाले, सुनेचं नशीबच फुटकं. सलिल पेपर वाचत बसला होता. थू त्याच्या साहेबीवर.

दोन महिन्यांनी बाई मला म्हणाल्या, "केसरताई, सोमवारी याल माझ्याबरोबर?" घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही एसटीने दवाखान्यात गेलो. नळी काढायचा कागद समोर आला, तेव्हा बाई दबकत म्हणाल्या, "नवऱ्याची सही आणलेली नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या ऑपरेशनला तुमची एकटीची पुरते."

"तेव्हाही पुरली असती?"

"हो."

बाईंनी सही केली. मग बाकावर येऊन बसल्या आणि माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, "मग तो पहिला मीच घालवला, ताई."