मावशी-जानचं ताट

मुलीच्या घरी राहायला जावं लागू नये म्हणून सरळ आर्मेनियात बिऱ्हाड करणारी बाई जगात एकच असणार, आणि ती माझी मावशी आहे. म्हणजे आईची मावसबहीण. मी पुण्याहून नोकरीसाठी लीड्सला आले तेव्हा आईने तिचा पत्ता देऊन सांगितलं होतं, "जरा विक्षिप्त आहे, पण खायला घालेल." दोन्ही गोष्टी पहिल्याच संध्याकाळी पटल्या. तिने दार उघडलं ते ओव्हरकोट घालून. मला वाटलं, बाहेर निघाली आहे. पण ती घरात हीटिंग न लावता कोटात वावरायची आणि बाहेर जाताना तो काढून त्याहून जाड कोट घालायची. "घर तापवण्यापेक्षा माणूस तापवावा," असं म्हणून तिने मलाही दिवंगत काकांचा कोट चढवला आणि मागची खोली दिली. मी मुळात अबोल. त्याची तिला अडचण वाटली नाही. ती मला प्रश्न विचारायची, माझ्या वतीने उत्तर द्यायची आणि ते उत्तर पटलं नाही तर माझ्यावर रागवायची.

हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाल्यापासून तिच्याकडे वेळच वेळ होता आणि तो ती शेजाऱ्यांवर खर्च करत असे. गल्लीत एकही घर असं नव्हतं जिथे तिचे लाडू, वड्या, चकल्या पोचल्या नव्हत्या. आणि तिचं सगळं दुःखही त्यातच होतं. ताटली परत यायची ती स्वच्छ धुतलेली, पुसलेली, आणि वर आभाराचं कार्ड. "लोक चांगले आहेत गं," ती म्हणायची, "पण कार्ड खायचं का?" भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे तिच्या हाडात भिनलेलं. ती कार्डं तिने फेकली मात्र नाहीत. स्वयंपाकघरातला एक ड्रॉवर त्यांनी इतका भरला होता की तो उघडायला दोन माणसं लागत.

आर्मेनिया तिच्या आयुष्यात जर्दाळूच्या वाटेने आला. सुपरमार्केटमध्ये प्रत्येक फळ नाकाशी नेऊन "वास नाही" असा शेरा मारून परत ठेवणं हा तिचा शनिवारचा कार्यक्रम होता. लॅबमधल्या एका आर्मेनियन मैत्रिणीने एकदा माहेरचे सुकवलेले जर्दाळू आणले. मावशीने हुंगले आणि विचारलं, "तिथे घर केवढ्याला मिळतं?" गोरिस नावाच्या छोट्या डोंगराळ गावात मिळतं, अंगणासकट, आणि लीड्सची घरपट्टी भरण्यापेक्षा ते परवडतं, असं कळल्यावर तिने लायब्ररीतून अ‍ॅटलास आणला. पेन्शनमध्ये तिथे राणीसारखं राहता येईल, हे तिने सगळ्यांना सांगितलं. मुलीने तिला लंडनजवळ स्टॅनमोरच्या घरात छोटी बॉक्सरूम रंगवून ठेवली होती, हे मात्र ती कुणालाही सांगत नसे.

तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, जन्माने इंग्लंडची. तिचं मराठी प्रेमळ होतं, पण लिंगभेद मानत नसे. "आई तिकडे एकटा कसा राहणार?" ती मला फोनवर म्हणाली. शेवटी तह झाला. मावशीने शरद ऋतूपर्यंत राहून बघावं. मग मी जाऊन बघून यावं, आणि करमत नसेल तर तिला घेऊनच यावं. ताईने मावशीचं परतीचं तिकीट माझ्या हातात ठेवलं. "तू कमी बोलते," ती म्हणाली, "म्हणून आई तुझ्यासमोर खरं बोलेल."

राजधानी येरेवानहून व्हॅनने दिवसभर घाट चढत मी गोरिसला पोचले. दगडी घर, लाकडी सज्जा, अंगणात तुतीचं झाड, आणि सज्ज्यात तोच कोट. नळाला ठरावीक वेळीच पाणी येई, त्यामुळे मावशीला अगदी माहेरी आल्यासारखं वाटत होतं. ती बाजारात चक्क मराठीत बोलत होती. मी चपापले, तर म्हणाली, "यांना इंग्रजी येत नाही, मराठीही येत नाही. मग मराठीने काय घोडं मारलंय?" बीन्सवाल्याशी तिने अस्सल पुणेरी मराठीत घासाघीस केली, त्याने आर्मेनियनमध्ये कपाळ बडवलं, आणि सौदा दोघांच्या मनासारखा झाला. सगळं गाव तिला 'मावशी-जान', म्हणजे लाडकी मावशी, म्हणत होतं. मावशी हे तिचं नावच आहे, अशी त्यांची समजूत होती.

पण ती दमलेली दिसत होती. कारण विचारलं तर तिने टेबलावरच्या एका निळ्या काठाच्या ताटाकडे बोट दाखवलं. आल्या आल्या तिने शेजारणीकडे त्या ताटातून द्राक्षाच्या पानांच्या वड्या पाठवल्या होत्या, अळूवड्यांसारख्या. ताट परत आलं ते जर्दाळूंनी भरून. मावशी हरखली. रिकामं कसं द्यायचं म्हणून तिने शिरा पाठवला. ताट अक्रोड घेऊन आलं. त्या गावातही भांडं रिकामं परत करत नाहीत. तेव्हापासून ते ताट कुंपणावरून ये-जा करत होतं आणि दोन्ही घरांत थांबायला कुणी तयार नव्हतं. "काल तिने अख्खी कोंबडी पाठवली," मावशी म्हणाली. "आता मी काय हत्ती पाठवू?" तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली. तीही दमलेली होती. दोघी एकमेकींकडे बघून हसू लागल्या आणि बराच वेळ थांबेनात.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिकीट टेबलावर ठेवलं. मावशीने त्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"हे ताट सध्या माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "भरून दिल्याशिवाय जाता येत नाही."

"मग आज भरून दे."

"दिलं की उद्या ते परत येईल." तिने ताटाच्या निळ्या काठावरून बोट फिरवलं. "लीड्समध्ये इतकी वर्षं काढली, पण मला असं कुणी अडकवलं नाही गं."

मी पोस्टात जाऊन ताईला फोन लावला. तिने विचारलं, "आई येतो ना?" मी म्हटलं, "येऊ शकत नाही. ताट तिच्याकडे आहे." "काय ताट?" मग मी कधी नव्हे ते सलग बोलले. ताई ऐकत राहिली. लहानपणी शेजारून रिकामी आलेली ताटली आई कशी उलटी करून बघायची, ते तिला आठवलं. "ती लोक पण एम्प्टी देत नाहीत?" "नाही." "मग राहू दे," ती म्हणाली. "पण विंटरला कोट आहे ना?"

"दोन आहेत," मी म्हटलं.

निघताना मावशीने मला सुक्या जर्दाळूंचा डबा दिला. तो रिकामा परत करायचा नाही, हे सांगायची गरज नव्हती. मी आता लीड्सच्या तिच्या घरात एकटीच राहते. जर्दाळू कधीच संपले. डब्यात काय भरावं ते ठरेना, म्हणून लाडू शिकत होते. परवा ते पहिल्यांदा फुटले नाहीत. डबा भरून मावशीला पार्सल केला आणि उरलेले, धीर करून, शेजारच्या आजोबांना ताटलीतून नेऊन दिले. आज ताटली परत आली. स्वच्छ धुतलेली, वर कार्ड. मी हीटिंग बंद केलं, काकांचा कोट घातला, कसाबसा तो ड्रॉवर उघडून कार्ड आत सरकवलं, आणि ती ताटली उलटी करून बघितली.