कॉफीच्या डब्यातली पिसे

माझी बायको बेटांवरच्या पक्ष्यांचा अभ्यास करायची. अंदमानकडच्या लहान-मोठ्या बेटांवर डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेला एक चिमुकला हिरवट-पिवळा पक्षी असतो. मराठीत त्याला चष्मेवाला म्हणतात. सगळ्या बेटांवरचे चष्मेवाले दिसायला जवळजवळ सारखेच. पण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांपासून तुटून राहिल्यावर ते आतून, रक्तातूनही सारखेच राहिले असतील का, हा तिचा प्रश्न होता. सर्वांत दूरच्या, सर्वांत लहान बेटावरचे पक्षी वेगळे झाले आहेत, असे तिला मनातून वाटे. ते ठरायच्या आधीच ती गेली.

तिचे काम तिची विद्यार्थिनी पुढे नेते आहे. मूळची नागपूरची, आता सर्जापूर रोडला राहते. काही महिन्यांनी ती आमच्या एचएसआर लेआउटमधल्या घरी आली आणि चहाला हात न लावता म्हणाली, "काका, ते लहान बेट बहुतेक सोडून द्यावं लागेल. तिथल्या दोनच पक्ष्यांचं रक्त आहे आपल्याकडे. दोघांवरून कोण ऐकणार?"

मी आयुष्यभर पुस्तकांची मुद्रिते तपासली. वगळणे म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. एकदा ओळ गेली की वाचणाऱ्याला ती होती हेही कळत नाही.

त्या बेटावर शेवटच्या खेपेला हिला ताप भरला होता. हात थरथरू लागले, तेव्हा उरलेले पक्षी तिने रक्त न घेताच सोडून दिले. जाळ्यात आलेला पक्षी आधी सुती पिशवीत ठेवतात. अंधारात तो शांत राहतो. एका बेटाची पिशवी दुसऱ्या बेटावर वापरायची नाही, हा तिचा कडक नियम होता. दर वेळी ती पिशव्या तिथेच धुऊन आणायची. त्या वेळी मात्र सगळ्या बेटांच्या पिशव्या तशाच ट्रंकेत आल्या होत्या.

"त्यांत पिसं असतील, काका!" मी हे सांगताच ती मुलगी उठलीच. "पिसाच्या मुळाशीसुद्धा पुरेसा डीएनए मिळतो."

ट्रंक रिकामी होती. आम्ही रिक्षा करून जयनगरला गेलो. तिथे हिची थोरली बहीण राहते; ही गेल्यावर ट्रंक तिनेच आवरली होती. मीही तिला अक्काच म्हणतो. त्यांचे घराणे कैक पिढ्या याच गावात आहे; तिच्या मराठीत कानडी मिसळलेली असते.

"अय्यो, ते पिशव्या? दहाव्यालाच धुऊन टाकलं की, भावजी. सुतकातलं तसंच ठेवतात काय?"

मुलीचा चेहरा उतरला. "आत पिसं होती का हो, अक्का?"

"होती की, स्वल्प. ते टाकायला मन झालं नाही बघ. तिनं हातात धरलेली पाखरं ती."

देवघराच्या खालच्या फळीवरून अक्काने कॉफी पावडरचा एक जुना डबा काढला. मुलीने झाकण उघडले, आत पाहिले आणि हळूच विचारले, "कुठलं पीस कुठल्या पिशवीतलं?"

"सगळं एकत्रच ठेवलंय. पाखराच्या पिसात जात-गोत बघतात काय?"

"तेच तर बघतो आम्ही, अक्का," ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला हसू आले.

डबा ती घेऊन गेली. त्यानंतरचे आठवडे मी जेवलो, वाचले, फिरून आलो. पण फोन वाजला की हातातले टाकून धावायचो. अखेर तिने आम्हा दोघांना अक्काकडेच बसवून सांगितले. काही पिसे मोठ्या बेटांवरच्या पक्ष्यांशी जुळली होती. काही पिसे कुणाशीच जुळेनात. जुळली ती फक्त लहान बेटावरच्या त्या दोघांशी, आणि बाकी सगळ्यांपासून ती स्पष्ट वेगळी होती. निरनिराळ्या पक्ष्यांची पिसे होती ती.

"हे छापता येणार नाही," ती म्हणाली. "कुठलं पीस कुठून आलं, हे आपण छातीठोक सांगू शकत नाही. पण एवढ्यावर तिथे पुन्हा जायची परवानगी मागता येईल. बेट राहतंय, काका."

छापणार नाही, हे ऐकून मला बरेच वाटले. हिनेही छापू दिले नसते.

"म्हणजे माझी धाकटी बरोबर होती म्हण की," अक्का म्हणाली.

"मला तरी तसंच वाटतं."

"सरी. मग जाऊन ये. जाताना स्वेटर घे."

"तिथे थंडी नसते हो, अक्का."

"तीही हेच म्हणाली होती. ताप घेऊन आली."

आभार मानायची आमच्याकडे रीत नाही, आणि मला तोंडाने ते जमलेही नसते. मी उठलो आणि वाकून अक्काच्या पायांना हात लावला.

"अय्यो, उठा! जावयानं वाकायचं असतं काय?" ती मागे सरली, पदराने डोळे पुसले आणि मुलीकडे वळून म्हणाली, "तू बस. जेवूनच जायचं."