एका धारेचं अंतर

आई गेली तेव्हा दादा परक्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत बसला होता. पाच आठवडे झाले, भेटायला येणारी माणसंही थांबली, तरी माझ्या डोक्यातून तेवढं एक जात नाही...

माझा हा थोरला भाऊ सॅन फ्रान्सिस्कोला गेला तेव्हा आईनं विचारलं होतं, "किती लांब हाय गं?" मी मोबाईलवर बघितलं. मुंबईपासून तेरा हजारांवर किलोमीटर, थेट विमानानं सोळा तास. किलोमीटर तिच्या कामाचे नव्हते. कळंब्यात आमच्या चार म्हशी, आणि आईचा सगळा दिवस दोन वेळच्या धारेवर चालायचा. "म्हंजे सकाळची धार काढून निघालं, तर मधी संध्याकाळची एकच धार की," म्हणाली आणि निवांत झाली. तिकीट मिळायला वेळ लागतो, मध्ये विमान बदलायला तासन्‌तास बसावं लागतं, मुंबईहून इथवर पुन्हा आठ-नऊ तासांचा रस्ता, हे सगळं मला ठाऊक होतं. बोलले नाही. म्हटलं, कशाला तिच्या जिवाला घोर. पुढं डेअरीत दूध घालताना कुणी पोराचा विषय काढला की ती ठसक्यात सांगायची, "लांब कुठलं? एका धारेवर हाय."

त्या सोमवारी पहाटे तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, दादाला फोन लावला. "निघतोच," म्हणाला. मी शहाणीनं आईला सांगितलं, दादा निघाला. झालं, तिनं मोजायला सुरुवात केली. संध्याकाळी म्हणाली, "आता धारंचा वकूत झाला. सकाळच्या आत येतंय बघ पोरगं." सकाळ झाली. दादाला तिकडं नुकतं कुठं विमान मिळालं होतं.

"दुसरी धार झाली की गं."

"येतोय आई. वाटेत विमान बदलावं लागतं."

"आजवर कधी सांगितलं न्हाईस ते? मला गुंडाळू नगंस. त्यो निघालाच न्हाय."

भिंतीकडं तोंड केलं तिनं. मी हात धरला तर काढून घेतला. बुधवारी दुपारी गेली, तोवर दादाचं नाव म्हणून तिनं काढलं नाही.

पाहुणे म्हणत होते, किती वेळ ठेवायचं, उरकून घ्या. मी सगळ्यांशी भांडले, पण दादा येईपर्यंत तिला हलवू दिलं नाही. रक्षाविसर्जन झाल्यावर त्यानं विचारलं, "मी निघालोय हे तिला कळलं होतं ना?" मी म्हटलं, कळलं होतं, वाट बघत होती. तेवढ्यावर तो सावरला आणि परत गेला.

आता रोज फोन करतो, आणि शेवटी काय म्हणाली ते परत सांग म्हणतो. हे छापून आलं की कुणीतरी त्याला पाठवेलच. पाठवू दे. तोंडानं सांगायला माझी जीभ उचलत नाही. कालही त्यानं विचारलं, तर मी सांगितलं, तुझं नाव घेऊन हसली.