आढ्याचं झाड

रोज सकाळी भाताला आधण ठेवून लिएनआजी टेकडीवर जायची, फरच्या झाडाला हात लावून परत यायची. झाड जागेवर दिसलं की तिचा चेहरा उतरायचा.

ते चोरीला जायला हवं होतं. चाळीस वर्षांपूर्वी ते लावताना नवरा म्हणाला होता, "हे पुलाचं." त्या वर्षी पुरानं जुना पूल नेला. नव्याचे खांब सिमेंटचे झाले, पण वरचा सगळा पूल, छपरासकट, लाकडाचा. त्यात एक खिळा नाही. कुणी फळ्या दिल्या, कुणी कौलं. आढ्याचं लाकूड मात्र कुणी देत नाही. रीतच अशी की ते सुतारांनी पहाटे चोरायचं, आणि मालकानं उठून शिव्या घालायच्या. जितक्या शिव्या, तितकं पुलाला आयुष्य.

आढं चढवायला आठ दिवस उरले, तेव्हा आजी यांग सुताराकडे गेली.

"मिस्त्री, टेकडीची वाट साफ केलीय मी. कुत्राही लेकीकडे धाडलाय."

यांगनं लाकडावर रेघ मारायची शाईची दोरी खाली ठेवली. "झाड सोन्यासारखं आहे, आजी. पण जन्मात कुणाला 'मेल्या' तरी म्हणालात का?"

"म्हणेन की."

"म्हणा बघू, मलाच."

आजीनं छाती भरून श्वास घेतला. "तुझं... तुझं भलं होवो!"

बाकीचे सुतार हसता हसता भुशात बसले. यांग म्हणाला, "असल्या शिव्यांवर पूल एक पावसाळा काढायचा नाही. पलीकडच्या आळीतल्या पानकाकूंचं झाडही सरळच आहे. आणि तोंड तर काय!"

आजीनं दुसऱ्याच दिवशी कोंबड्यांपासून सुरुवात केली. "मेल्यांनो!" म्हणाली, आणि वाईट वाटून मूठभर दाणे जास्त टाकले. मग म्हशीची पाळी आली. पाचव्या दिवशी शेजारीण खिडकीतून डोकावली. "आजी, बरं नाही का वाटत?"

"तुला काय करायचंय गं, भोचक भवानी!"

शेजारीण चपला न घालताच यांगकडे सांगायला धावली.

सातव्या पहाटे टेकडीवर झाड नव्हतं. ओला, पांढरा बुंधा उरला होता, आणि वर लाल कागदात रीतीप्रमाणे ठेवलेले पैसे. आजी बुंध्यावर टेकली, त्याच्या वर्तुळांवरून बोट फिरवत राहिली. मग तिला काम आठवलं. टेकडीच्या कडेला जाऊन तिनं कंबर कसली.

"मुडद्यांनो! चोरट्यांनो! तुमच्या चुलीत बेडूक नाचोत! यांग, तुझ्या करवतीला दात राहू नयेत!"

खाली करवती थांबल्या. कुणीतरी ओरडलं, "अजून, आजी, अजून!" घरी भात करपला, तरी ती थांबली नाही.

पूल उभा राहिला. आजीची जीभ काही पुन्हा मऊ झाली नाही. अकरा वर्षं ती दुपारची पुलावरच्या बाकावर, बरोबर आपल्या आढ्याखाली बसायची. गेल्या शरदात, जग सोडून जायच्या आदल्या दुपारीही बसली होती. शेजारी म्हातारा यांग सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. आजीनं त्याच्या पायाशी पाहिलं.

"मेल्या, टरफलं खिशात घाल."